विजयदुर्ग ते तेरेखोल: कोकण किनाऱ्याच्या सहलीचे शेवटचे दिवस – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेवसपासून किनारा धरून निघालेली मंडळी रत्नागिरी ओलांडेपर्यंत दमतात. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा जंगलजेट्या (गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटी) चढून-उतरून झालेल्या असतात. डिकीतल्या ओल्या टॉवेलांना वास सुटलेला असतो आणि मागच्या सीटवरून ‘अजून किती?’ सुरू झालेलं असतं. मग हायवे गाठून थेट गोवा, नाहीतर थेट घर. नेमका तिथून पुढचा किनारा हातचा जातो. या टप्प्यात मी चार वेळा गाडी घातली, त्यातल्या पहिल्या वेळी तो असाच उरकला. तेव्हापासून ओळखीतलं कुणी निघालं की फोन येतो. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

शेवटचे दिवस म्हणजे किती, आणि कुठून कुठे?

चार दिवस, आणि परतीचा पाचवा. पहिल्या दिवशी विजयदुर्ग, देवगड आणि कुणकेश्वरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी आचऱ्यावरून मालवण. तिसऱ्या दिवशी परुळे, भोगवे, निवती करत वेंगुर्ला. चौथ्या दिवशी मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी आणि तेरेखोल. मालवणात एक रात्र जास्त मिळाली तर उत्तम.

अंतर तर दीडशे किलोमीटरच्या आसपास दिसतं. चार दिवस कशाला?

हायवेवरचे दीडशे आणि इथले दीडशे यांत फरक आहे. इथे रस्ता सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर चढतो, वळून खाडीत उतरतो, पूल ओलांडून पुन्हा सड्यावर येतो. मध्येच एखादी वाडी लागते. तिच्यातून जाताना समोरून एसटी आली तर कुणीतरी एकाने मागे जायचं असतं, आणि ते एसटीवाला जाणार नसतो. ताशी तीस किलोमीटरचा हिशेब धरा, थांबे वेगळे.

दुसरं असं की इथे पाहण्यासारखं जे आहे ते ठरावीक वेळेलाच दिसतं. रापण (किनाऱ्यावरून जाळं ओढायची मासेमारी) सकाळी, मालवणचा पद्मगड ओहोटीला, दशावतार मध्यरात्री, निवतीचा किल्ला सूर्यास्ताला. दोन दिवसांत आलात तर सगळं दुपारी बाराच्या उन्हात बघाल.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आंब्यासाठी येणाऱ्यांनी एप्रिल-मे निवडावा आणि घामाची तक्रार करू नये. पावसाळ्यात सडे हिरवे होतात, दृश्य अप्रतिम असतं. पण मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, त्यामुळे ताटातला मासा कधीचा आहे हे विचारू नका.

मोबाइलवरच्या नकाशात तळाशीलहून सर्जेकोट समोरच दिसतं, देवबागहून भोगवेही. तिथून गाडी पलीकडे जाते का?

नाही. हा प्रश्न विचारलात हे बरं केलंत, कारण बहुतेक जण तिथे पोहोचल्यावर विचारतात.

तोंडवळी-तळाशील म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मध्ये माडांची एक चिंचोळी पट्टी. पट्टी संपली की रस्ताही संपतो. सर्जेकोट हाकेच्या अंतरावर दिसतं, पण गाडीने परत आचऱ्याच्या रस्त्याला लागून वळसा घालून यावं लागतं. देवबागचंही तसंच. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे पट्टी संपते. पलीकडे भोगव्याची वाळू चमकत असते, होडीने माणसं जाऊ शकतात. गाडीला मात्र तारकर्लीवरून मागे येऊन खाडीवरचा पूल गाठावा लागतो.

म्हणजे ही दोन्ही गावं टाळायची असं नव्हे. उलट मुक्कामासाठी अशीच गावं चांगली, जिथून पुढे कुणी जात नाही. फक्त ती ‘वाटेवर’ आहेत असं समजू नका.

याच्या उलट देवगडात होतं. तारामुंबरी-मिठमुंबरी पुलामुळे कुणकेश्वर देवगडपासून अगदी जवळ आलं आहे. जुन्या लोकांना वाट विचारलीत तर ते अजून लांबचा वळसा सांगतात.

भरती-ओहोटीची वेळ कशी कळणार?

ॲप आहेत, पण सड्याखालच्या गावांत रेंज दगा देते. कॅलेंडरवरची तिथी बघा, तिला तीनने गुणा आणि चारने भागा. येणारं उत्तर म्हणजे पूर्ण भरतीचा साधारण तास. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. थोडं मागेपुढे होतं, पण सहलीचा दिवस आखायला पुरतं. मला हे देवगडच्या एका खानावळीत आजोबांनी बिलाच्या मागे लिहून दाखवलं होतं. तो कागद अजून गाडीच्या कप्प्यात आहे.

ओहोटीला इथे ‘सुकती’ म्हणतात. कुणी ‘सुकतीक येवा’ म्हणालं तर पाणी मागे गेल्यावर या, असा अर्थ.

विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला हे खरं का?

अर्धं खरं, आणि ते अर्धंही जपून सांगावं असं. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं आणि त्याचा पट्टा भारतावरून गेला. साहेबाने जिथून ते पाहिलं असं सांगतात ते ‘साहेबाचे ओटे’ किल्ल्यावर दाखवतात, दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिनही साजरा होतो. पण ज्या दोघांच्या नावावर हा शोध आहे, त्यांपैकी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन ग्रहणाच्या दिवशी आंध्रातल्या गुंटूरला होता आणि इंग्रज लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा पाहिली. ‘लॉकियर याच ओट्यावर उभा होता’ असं गाइड सांगेल तेव्हा मान डोलवा, वाद घालू नका. किल्ल्याला त्या गोष्टीची गरजच नाही. समुद्राकडची तिहेरी तटबंदी, कान्होजी आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज एकत्र आले आणि आपल्याच किनाऱ्यावरचं ते आरमार इथे जळालं, एवढं डोक्यात घेऊन तटावरून फिरलात तरी पाय जड होतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग दोन्ही आहेत.

परतताना गिर्ये गावातलं रामेश्वराचं देऊळ चुकवू नका. कातळ फोडून केलेल्या वाटेने खाली उतरावं लागतं आणि भर मे महिन्यातही त्या वाटेवर गारवा असतो.

देवगडला खरा हापूस कसा ओळखायचा?

सोपा उपाय म्हणजे बागेतून घेणं. रस्त्याकडेच्या पेट्यांवर ‘देवगड’ छापलेलं असतं, पण छपाईला आंबा लागत नाही. २०२५ च्या हंगामापासून देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळावर विशिष्ट क्रमांकाचं स्टिकर लावायला सुरुवात केली, ते बघा. फेब्रुवारीत पिवळाधमक आंबा दिसला तर किंमत ऐकून पुढे चला. आणि आंबा गाडीत काचेजवळ ठेवू नका, घाट चढेपर्यंत खराब होतो.

आचऱ्यात सगळं गाव बंद असतं असं ऐकलं. खरं?

रोज नाही. आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल घेऊन सगळं गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री यांच्यासह तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. माळावर, नदीकाठी झावळ्यांच्या राहुट्या पडतात, चुली पेटतात, रात्री भजनं रंगतात. गावात चिटपाखरू नसतं. परत यायलाही देवाचा कौल लागतो. आजूबाजूच्या काही गावांतही ही प्रथा आहे. तुमच्या तारखांना गावपळण आली तर आचऱ्यातली खोली विसरा आणि राहुट्यांकडे जाऊन चहा प्या. कुणी ना कुणी बोलावतंच.

सिंधुदुर्ग किल्ल्याला किती वेळ द्यावा?

होडीवाला तासाभरात परत या म्हणतो. त्याचं ऐकू नका, उशिराच्या होडीने येतो असं आधीच बोलून ठेवा. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर बांधकामाला सुरुवात झाली आणि तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. तटाची लांबी तीन किलोमीटरच्या घरात आहे. महादरवाजा तर समोर येईपर्यंत दिसतच नाही. शिवराजेश्वर मंदिरातली महाराजांची मूर्ती दाढी नसलेली आहे; राजाराम महाराजांनी बांधलेलं हे मंदिर. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरींना चहूकडे खारं पाणी असूनही गोडं पाणी आहे. आत अजून काही घरं नांदती आहेत. त्यांच्याकडे ताक मिळतं, ते प्या.

पद्मगड मात्र बहुतेकांचा राहतो. दांडीच्या किनाऱ्यावरून पूर्ण ओहोटीला वाळूच्या दांड्यावरून चालत जाता येतं. तिथीचा हिशेब इथे उपयोगी पडतो. पाणी चढू लागलं की मागे फिरायचं, फोटो अर्धा राहिला तरी.

स्कूबा करावं का?

पाणी नितळ असेल तर. डिसेंबर ते फेब्रुवारीत शक्यता बरी. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, खाली प्रवाळ आहेत. त्यांच्यावर उभं राहू नका आणि माशांना पाव टाकणाऱ्या होडीत बसू नका. स्वस्तातली ‘स्कूबा’ म्हणजे पुष्कळदा कुणीतरी तुमची मान धरून पाण्यात बुडवतं आणि व्हिडिओ काढतं. शिकवायला किती वेळ देणार, हा एकच प्रश्न विचारा. उत्तरावरून सगळं कळतं.

रापण म्हणजे काय? आम्हाला बघता येईल का?

बघता काय, ओढताही येईल. या सगळ्या सहलीत मला एकच सकाळ परत मिळणार असेल तर मी रापणीची मागेन.

पहाटे एक होडी जाळं घेऊन समुद्रात जाते. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर माणसांच्या हातात असतो. होडी अर्धवर्तुळ काढत जाळं सोडत जाते आणि बऱ्याच अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते. दुसऱ्या टोकाचा दोर तिथल्या माणसांच्या हातात येतो. मग दोन्ही रांगा ओढायला लागतात. घाई नसते. पाय वाळूत रोवून, अंग मागे टाकून, एका लयीत. मागचा माणूस दोर गुंडाळून पुन्हा पुढे पाण्यात जातो. दोन-अडीच तास हे चालतं आणि हळूहळू दोन्ही रांगा जवळ येत जातात. शेवटी जाळ्याचा खोळ उथळ पाण्यात येतो, तेव्हा ते पाणी उकळतंय असं वाटतं.

कधी बांगड्यांनी खोळ भरलेला असतो, कधी तारली, कधी नुसती जेलीफिश आणि प्लास्टिक. मी चार वेळा गेलो, दोनदा भरलेला पाहिला. वाटे पडतात: होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचा. मासे घ्यायला आलेल्या बायका वाळूवरच भाव ठरवतात आणि त्यांच्यापुढे घासाघीस करणं तुमच्या-माझ्या कुवतीबाहेरचं आहे. ओढू लागणाऱ्या पाहुण्याला बऱ्याचदा चार बांगडे मिळतात. नको म्हणू नका. मुक्कामाच्या घरी नेऊन द्या, दुपारी तिरफळं घातलेलं तिखलं पानात येतं.

शिष्टाचार थोडे आहेत. दोराला हात लावण्याआधी विचारा. जाळ्यावरून चालू नका. ड्रोन उडवू नका, निदान मासे बाहेर येईपर्यंत. आणि पर्ससीनचा विषय निघाला तर ऐकून घ्या. मोठ्या यांत्रिक नौका बाहेरच्या बाहेर थवेच्या थवे उचलतात, किनाऱ्यापर्यंत मासा येणार कुठून, हे गाऱ्हाणं इथे वर्षानुवर्षं चाललं आहे. रापणीला तीसेक माणसं लागतात. आता ती जमवताना म्हातारीच जास्त दिसतात.

गाडी वाळूवर नेता येते का? व्हिडिओत तर नेतात.

नेतात आणि रुततात; रुतलेल्याचा व्हिडिओ कुणी टाकत नाही. मीही हे केलं आहे. भोगव्याच्या अलीकडे एका किनाऱ्यावर ‘फक्त वळवून घेतो’ म्हणत पुढची चाकं वाळूत घातली आणि पाच मिनिटांत गाडी पोटावर बसली. भरती चढत होती. दहा-बारा जणांनी झावळ्या आणून चाकांखाली घातल्या, टायरांतली निम्मी हवा सोडली आणि ढकलून बाहेर काढली. पैसे देऊ लागलो तर कुणी घेईना. त्यांच्यातले एक वयस्कर काका एवढंच म्हणाले, ‘‘ह्यो समुद्र आसा रे बाबा, पार्किंग न्हय.’’

शिवाय या वाळूत कासवांची अंडी असतात. ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालायला येतात आणि साधारण फेब्रुवारीपासून पिल्लं बाहेर पडतात. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला गावकरी घरटी जपतात. सकाळी किंवा संध्याकाळी पिल्लं सोडायच्या वेळी जाता येतं. फ्लॅश बंद, आवाज बंद.

पोहायला कुठे सुरक्षित?

गावातल्या माणसाला विचारून, तो म्हणेल तिथे. नदी समुद्राला मिळते तिथे कधीही नाही. देवबागचा संगम वरून शांत दिसतो आणि खालून ओढतो.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उलट मजा तुमचीच, फक्त आदल्या दिवशी सांगा. हॉटेलात तुम्हाला पनीर मिळेल. घरगुती खानावळीत काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, कुळथाची पिठी, केळफुलाची भाजी, आंबोळ्या, घावणे, रस-शिरवाळे मिळतील. मार्च-एप्रिलात आलात तर ओल्या काजूगरांची उसळ आणि फणसाच्या कुयरीची भाजी. ओले काजूगर सोलताना हाताला डीक लागून कातडी जाते, म्हणून त्या उसळीचा भाव बघून नाक मुरडू नका. सोलकढी मात्र गुलाबी रंगाच्या पावडरीची नाही ना, हे बघा. खऱ्या आमसुलांची कढी फिकट असते.

दशावतार बघायचा आहे. तिकीट कुठे मिळतं?

तिकीट नसतं, जत्रा असते. कार्तिक महिन्यापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत चालतात. मुक्कामाच्या घरी विचारा, ‘आज खय जत्रा आसा?’ रात्री अकरा-साडेअकराला जा, चटई आणि शाल न्या. सुरुवातीला गणपती, सरस्वती, संकासुर येतात; मग आख्यान लागतं. संहिता छापलेली नसते. कथा ठरलेली असते, संवाद रंगमंचावरच सुचतात, आणि पायपेटीवाला आणि पखवाजवाला त्यांच्यामागे धावतात. स्त्रीभूमिका पुरुष करतात आणि पहाटे तीन वाजता तुम्ही ते विसरलेले असता. उजाडताना दहीकाला फोडून खेळ संपतो. दुसऱ्या दिवशी सकाळचा कार्यक्रम ठेवू नका.

आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची गोष्ट वेगळी. तिची तारीख दरवर्षी देवीच्या कौलाने ठरते आणि त्या दिवसांत लाखो लोक येतात. दर्शनाला जायचं नसेल तर त्या दोन दिवसांत मालवण तालुक्यात गाडी घालू नका.

मालवण ते वेंगुर्ला या टप्प्यात काय चुकवू नये?

परुळ्यावरून भोगवे आणि पुढे किल्ले निवती. किल्ल्याचे अवशेष थोडे आहेत, पण वरून एका बाजूला भोगव्याची लांब वाळू आणि दुसऱ्या बाजूला निवतीचं बंदर दिसतं. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोहोचा, कारण उतरायला उजेड हवा. समुद्रात दूर दिसणारे खडक म्हणजे वेंगुर्ला रॉक्स. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत आणि जवळच दीपगृह.

वेळ असेल तर आत वळून धामापूरचा तलाव आणि काठावरची भगवती. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, गावकरी त्याला बाहुल्यांचा सडा म्हणतात. स्थानिक माणूस सोबत घ्या. भर दुपारी जाऊ नका, कातळ तापतो आणि रेषाही दिसत नाहीत. तिरक्या उन्हात त्या जाग्या होतात.

वेंगुर्ला म्हणजे नुसता थांबा ना?

मीही असंच समजत होतो. बाजारात सकाळी चक्कर मारा, मग बंदरावर. सतराव्या शतकातल्या डच वखारीचे पडके अवशेष आहेत. फार काही उरलेलं नाही, झाडांची मुळंच भिंत धरून उभी आहेत. काजूच्या बागा असणाऱ्यांना ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ ही नावं पाठ असतात. कोकण कृषी विद्यापीठाच्या इथल्या फळसंशोधन केंद्रातून हे वाण निघाले.

शेवटच्या दिवशी शिरोडा, रेडी, तेरेखोल एकत्र होतं?

आरामात, तीसेक किलोमीटर आहे. आरवलीला वेतोबाच्या देवळात पायताणं बघा. भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यामुळे त्या झिजतात, अशी श्रद्धा. केळ्यांचे घडही वाहतात. शिरोड्याला मिठागरं लागतात. मे १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला होता. मिठागराच्या बांधावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी डोळे चुरचुरतात; त्यात दिवसभर पावडं मारणाऱ्याचे पाय कसे असतील, याचा विचार येतोच.

रेडीला लोहखनिजाच्या खाणी आहेत. खाणीतच १९७६ मध्ये सापडलेल्या द्विभुज गणपतीमुळे गाव आता जास्त ओळखलं जातं. गर्दी तिकडे असते आणि पलीकडचा यशवंतगड रिकामा. झाडीत बुडालेला तो किल्ला मला या टप्प्यातला सगळ्यात देखणा वाटतो. पूर्ण पँट घाला, काटे आहेत.

तेरेखोल महाराष्ट्रात की गोव्यात?

गोव्यात, पण नदीच्या अलीकडे. नदी ओलांडायच्या आधीच गोवा लागतो, त्यामुळे लोक गोंधळतात. किल्ला मूळचा सावंतवाडीकरांचा. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रह्यांनी आत शिरून तिरंगा फडकवला होता, गोवा स्वतंत्र व्हायच्या सात वर्षं आधी. आता आत हॉटेल आहे आणि एक छोटं चर्च. समोर केरीची वाळू.

पलीकडे जायला फेरीबोट आहे, गाडीही चढते. फार ओहोटी असेल तर खोळंबा होतो. घाई असेल तर आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून जा. पण शेवटच्या दिवशी घाई कसली?

गोव्यातून बाटल्या आणल्या तर चालतात का?

परवान्याशिवाय नाही. सीमेवर तपासणी होते आणि उत्पादन शुल्कवाल्यांना ‘घरच्यासाठीच आहे हो’ ऐकायची सवय आहे. पेट्रोल भरून या, ते तिकडे सहसा स्वस्त असतं आणि त्याला कुणी अडवत नाही.

परत कोणत्या रस्त्याने यावं?

पुणे-कोल्हापूरकडच्यांनी सावंतवाडीवरून आंबोली घाट, आजरा, मग पुणे-बंगळुरू हायवे. सावंतवाडी ते पुणे पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतं. सकाळी लवकर घाट चढा. चौकुळ-आंबोलीचं धुकं दुपारी भेटत नाही. हिरण्यकेशीच्या उगमाशी थांबा, पण कुंडात उतरू नका. तिथे सापडलेल्या एका माशाच्या जातीला याच नदीचं नाव आहे आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. मालवणहूनच परतणाऱ्यांना फोंडा घाट आणि राधानगरी जवळ. वैभववाडीवरून करूळ घाटाने गगनबावडा हाही रस्ता आहे, मात्र पावसाळ्यात निघण्याआधी तो चालू आहे का हे विचारून घ्या.

मुंबईकरांना मुंबई-गोवा हायवे आहेच. सिंधुदुर्गातला भाग गुळगुळीत आहे, त्याच्या भरवशावर पुढचा अंदाज बांधू नका. माणगावात अडकलात की सगळी सहल उतरते. रेडीहून मुंबई एका दमात गाठायचा हट्ट सोडा, एक रात्र मध्ये काढा.

सगळी सहल जमणार नाही, फक्त हेच दिवस करायचे असतील तर?

कोकण रेल्वेने कणकवली किंवा कुडाळला उतरा आणि तिथून गाडी किंवा दुचाकी भाड्याने घ्या. विमानाने गोव्यातलं मोपा जवळ आहे, मग हाच प्रवास उलटा करा: तेरेखोलहून सुरुवात, विजयदुर्गला शेवट.

घरी काय न्यावं? सुक्या मासळीचा वास गाडीत बसतो का?

बसतो. सहा महिने बसतो. झाकण घट्ट लागणाऱ्या स्टीलच्या डब्यात, त्यावर पिशवी, पिशवीला गाठ, आणि डबा डिकीत. एवढं करूनही एसी लावला की डिकीतून निरोप येतोच. सोडे आणि गोलमो (सुकवलेली लहान-मोठी कोळंबी) घ्या, सुके बांगडे धाडस असेल तर.

बाकी आमसुलं, आगळ (कोकमाचा घट्ट रस), तिरफळं, मालवणी खाजा आणि काजू. आगळाची बाटली उभी ठेवा, सांडलं तर डाग जात नाही. सावंतवाडीत चितारआळीतली लाकडी खेळणी आणि राजवाड्यात हाताने रंगवलेले गंजिफाचे पत्ते बघा. पत्ते महाग वाटतील. एक पत्ता रंगवताना कारागीर बघितलात की वाटणार नाहीत.

परत आल्यावर गाडीचं काही करावं लागतं का?

दोन दिवसांच्या आत खालून पाणी मारून धुवा, चाकांच्या कमानी आणि सायलेन्सर विशेष; खारा वारा पत्र्याला सोडत नाही. टायरमधली हवा बघा. पायपुसण्या बाहेर काढून झटका. तरीही वाळू सीटच्या फटींतून गणपतीपर्यंत निघत राहते.